काव्यहेतूंतील एकवचन : प्रतिभा आणि अभ्यास यांच्या संबंधाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

साहित्यशास्त्राच्या अध्यापनात ‘काव्यहेतू’ हे प्रकरण सामान्यतः दोन तासिकांत संपते. प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास अशी तीन नावे फळ्यावर लिहिली जातात, प्रत्येकाखाली एकेक व्याख्या येते आणि ‘या तिन्हींत प्रतिभा श्रेष्ठ होय’ या वाक्याने प्रकरण मिटते. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरतेही. ग. त्र्यं. देशपांडे, रा. पं. कंगले, कृ. श्री. अर्जुनवाडकर आणि अरविंद मंगरूळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या शास्त्राची मूळ चर्चा मराठीत सविस्तर आणून ठेवली असतानाही वर्गात पोचते ती बहुधा ही तीन नावांची यादीच.

यादीने होणारे नुकसान केवळ शास्त्रीय नाही. माणसाला एखादी गोष्ट साधते ती उपजत देणगीमुळे की परिश्रमामुळे, हा प्रश्न वर्गात बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी निगडित आहे. त्याच्या पहिल्या कवितेकडे पाहून ‘याच्यात ते नाही’ असा निर्णय देणारा अध्यापक नकळत काव्यहेतूंविषयीचा एक सिद्धांतच लागू करीत असतो. तो सिद्धांत प्राचीन आचार्यांचा आहे, अशी त्याची समजूत असते. ती समजूत कितपत खरी आहे, हे येथे तपासावयाचे आहे.

मम्मटाचे एकवचन

अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’च्या पहिल्या उल्लासात शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा निर्देश केला आहे. शक्ती म्हणजे कवित्वाचे बीज असणारा विशिष्ट संस्कार. निपुणता म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रे, काव्ये इत्यादींच्या अवलोकनातून येणारी जाण. आणि अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीनुसार केलेला सराव. येथपर्यंत पाठ्यपुस्तके अचूक असतात. मात्र तिन्ही घटक सांगून झाल्यावर मम्मट त्यांना ‘हेतु’ म्हणतो, ‘हेतवः’ म्हणत नाही. आणि वृत्तीत हे एकवचन मुद्दाम स्पष्ट करतो. हे तिघे एकत्र आले असता एक हेतू होतात, सुटे सुटे नव्हेत. तीन वाटांपैकी कोणतीही धरली तरी मुक्कामी पोचता येते, असे त्याला म्हणावयाचे नाही. आणि तीनांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्नही मग उरत नाही. चुलीवर भात शिजण्यास तांदूळ, पाणी आणि विस्तव यांतील श्रेष्ठ कोणते, असे विचारण्याजोगेच ते आहे.

अर्थात मम्मट आपल्या एकवचनाशी पूर्णतः प्रामाणिक राहिला आहे, असे म्हणता येत नाही. शक्तीवाचून काव्य प्रसरणार नाही, आणि प्रसरलेच तर ते उपहासास पात्र होईल, असे तो म्हणतो. निपुणतेवाचून किंवा अभ्यासावाचून काय होईल, याविषयी त्याने असे काही सांगितलेले नाही. म्हणजे समुदायाला एक हेतू मानूनही त्यातील एका घटकाला त्याने नकाराधिकार देऊन ठेवला आहे. पुढील अध्यापन-परंपरेने नेमके हे उपहासाचे वाक्य उचलले आणि एकवचन सोडून दिले. जे सोपे आणि ठसठशीत असते ते टिकते, हा टिपणवह्यांचा नियम येथेही खरा ठरला.

अभ्यासाच्या व्याख्येतील आणखी एक बारकावा दुर्लक्षित राहतो. मम्मटाचा अभ्यास हा एकांतातला घोटीवपणा नव्हे. तो काव्यज्ञांच्या शिक्षणाने युक्त असावा लागतो. म्हणजेच तिसऱ्या घटकात गुरू गृहीत आहे. ज्याला गुरू मिळत नाही, ज्याच्या घरात ग्रंथ नाही, ज्याला सभेत प्रवेश नाही, त्याचा अभ्यास व्हावा कसा, हा प्रश्न मम्मटाने विचारलेला नाही. तो आज विचारणे मात्र भाग आहे.

मतांचा विस्तार

‘प्राचीनांच्या मते प्रतिभा श्रेष्ठ’ हे विधान करताना कोणत्या प्राचीनाच्या मते, हे सांगावयाचे राहून जाते. भामहाचे मत निःसंदिग्ध आहे : गुरूच्या उपदेशाने मंदबुद्धीलाही शास्त्र शिकता येईल, पण काव्य मात्र एखाद्या प्रतिभावंतालाच क्वचित स्फुरते. दंडी येथे वेगळा रस्ता धरतो. नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ व विपुल श्रुत आणि अमंद अभियोग यांना काव्यसंपदेचे कारण म्हटल्यावर तो लगेच पुढे सांगतो की, पूर्ववासनांशी जोडलेली अद्भुत प्रतिभा नसली तरीही अध्ययनाने आणि यत्नाने उपासलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच. म्हणून कीर्ती इच्छिणाऱ्याने आळस टाकून सरस्वतीची सेवा करावी. कवित्व कृश असले तरी श्रम केलेला माणूस विदग्धांच्या गोष्ठीत वावरू शकतो. दंडीने येथे प्रतिभाहीनाला महाकवी केलेले नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. त्याने दिलेले आश्वासन मर्यादित आहे आणि म्हणूनच विश्वसनीय आहे. श्रमाने गोष्ठीत जागा मिळते. भाषा-साहित्याच्या पदवी वर्गाचे प्रयोजन याहून फार वेगळे आहे काय?

वामनाची मांडणी तर वर्गीकरणाच्या दृष्टीने मोठी मौजेची आहे. लोक, विद्या आणि प्रकीर्ण अशी काव्याची तीन अंगे सांगून त्याने प्रतिभान हे ‘प्रकीर्णा’त, म्हणजे किरकोळ बाबींच्या गाठोड्यात घातले आहे, आणि त्याच वेळी त्याला कवित्वाचे बीजही म्हटले आहे. त्याच गाठोड्यात काव्यपरिचय, उद्योग, काव्योपदेश करणाऱ्या गुरूंची सेवा, शब्द घालून पाहणे व काढून पाहणे आणि चित्ताची एकाग्रता हीही आहेत. एकाग्रतेसाठी स्थळ एकांताचे आणि वेळ रात्रीच्या चौथ्या प्रहराची, असेही तो सांगतो. बीजाच्या शेजारी घड्याळ ठेवणारा हा आचार्य कवीच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहत होता, हे उघड आहे. रुद्रटाने पुढे शक्तीचेच सहजा आणि उत्पाद्या असे दोन भेद केले. उत्पाद्या शक्ती व्युत्पत्तीने, कष्टाने का होईना, निर्माण होते. जी निर्माण करता येते तिला ‘देणगी’ म्हणता येत नाही, आणि रुद्रट तर तिला शक्तीच म्हणतो. निसर्ग आणि परिश्रम यांमधील भिंतीला पहिले दार येथे पडले.

प्रतिभेच्या बाजूचा सर्वांत वजनदार साक्षीदार आनंदवर्धन. अव्युत्पत्तीमुळे आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो, पण अशक्तीमुळे आलेला दोष तत्काळ उघडा पडतो, हे त्याचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे; त्यासाठी त्याने कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील शिवपार्वतींच्या शृंगारवर्णनाकडे बोट दाखविले आहे. परंतु हे विधान काव्याच्या परीक्षणाविषयी आहे, कवीच्या घडणीविषयी नाही. तयार झालेल्या कृतीत कोणता दोष डोळ्यांत भरतो, हे त्याने सांगितले; ती शक्ती कवीकडे कोठून आली, हे सांगितले नाही. या दोन प्रश्नांची गल्लत हे या विषयावरील बऱ्याच लेखनाचे मूळ दुखणे आहे.

राजशेखराची दिनचर्या आणि क्षेमेंद्राची शाळा

ज्याच्या पणज्याला, अकालजलदाला, ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले गेले त्या यायावर कुळातील राजशेखराने इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतिहारांच्या आश्रयाने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. काव्याचे कारण शक्तीच, असे तोही म्हणतो. परंतु ती शक्ती प्रकट होते ती समाधी आणि अभ्यास यांमुळे. समाधी हा आंतर प्रयत्न आणि अभ्यास हा बाह्य प्रयत्न. दोन्ही प्रयत्नच आहेत, हे महत्त्वाचे. निर्माण करणाऱ्या, म्हणजे कारयित्री प्रतिभेचे त्याने सहजा, आहार्या आणि औपदेशिकी असे तीन भेद केले. पहिली पूर्वजन्मीच्या संस्काराने, दुसरी याच जन्मीच्या संस्काराने आणि तिसरी मंत्रतंत्रादींच्या उपदेशाने येते. आहार्या प्रतिभेच्या कवीला तो ‘आभ्यासिक’ म्हणतो, आणि तरीही तो कवीच असतो.

‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायातील कविचर्या या दृष्टीने मुळातून वाचावयास हवी. दिवसाचा पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा काव्यरचनेचा. स्नान-भोजनानंतर तिसरा प्रहर काव्यगोष्ठीचा. चौथ्या प्रहरी एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह, सकाळी लिहिलेल्या काव्याची परीक्षा करावयाची. असे का, याचे त्याने दिलेले कारण आजच्या कोणत्याही लेखनकार्यशाळेत सांगावे असे आहे : रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी त्या वेळी विवेक करू शकत नाही, म्हणून नंतर तपासावे. परीक्षेत जास्त असेल ते टाकावे, उणे असेल ते भरावे, चुकीच्या जागी पडलेले हलवावे, विसरलेले आठवावे. शक्तीला एकमेव कारण मानणारा हा आचार्य कवीच्या दिवसाचा एकही प्रहर दैवाच्या हवाली करीत नाही.

राजशेखराचे आणखी एक विधान त्याच्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार हा आत्म्याशी निगडित असतो आणि तो स्त्री-पुरुष हा भेद पाहत नाही, असे तो म्हणतो. पत्नी अवंतिसुंदरी हिची मते त्याने अन्य आचार्यांच्या मतांच्या बरोबरीने उद्धृत केली आहेत. ‘पूर्वजन्मीचा संस्कार’ ही कल्पना आपल्या समाजात बहुधा दारे बंद करण्यासाठीच वापरली गेली. ज्याचा जन्म ज्या कुळात, त्याची पात्रता तेवढी, असे तिचे रूप झाले. राजशेखराने तीच कल्पना दार उघडण्यासाठी वापरली. उपजत गुणाचा सिद्धांत स्वतः उदार किंवा अनुदार नसतो. तो गुण कोणात शोधावयाचा नाही हे कोणी आधीच ठरविले असेल तर तो अनुदार होतो.

अकराव्या शतकात काश्मीरमध्येच क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरण’ लिहिले आणि त्याच्या पहिल्याच संधीचा विषय ठेवला : अकवीला कवित्वाची प्राप्ती. दिव्य प्रयत्न आणि पौरुष प्रयत्न असे दोन मार्ग सांगून तो शिष्यांची वर्गवारी करतो. काही थोड्या प्रयत्नाने तयार होतात, काही मोठ्या कष्टाने, आणि काही असाध्य. असाध्य कोण? जो स्वभावतःच दगडासारखा आहे तो. परंतु त्याच्याच जोडीला व्याकरणाने ज्याचा रस मारला गेला आणि तर्काच्या धुरकट अग्नीने जो होरपळला तोही. गाढवाला शिकविले म्हणून ते गात नाही, असेही क्षेमेंद्र सुनावतो. पण असाध्य ठरलेल्यांत शिक्षणाने बिघडलेल्यांचाही समावेश त्याने केला आहे, हे अध्यापकांनी विसरू नये. कष्टसाध्य शिष्यासाठी त्याने नेमून दिलेला सराव अगदी खालच्या पायरीपासून सुरू होतो. आधी अर्थहीन शब्दांनी वृत्त भरावे, म्हणजे कान तयार होतो. मग जुन्या श्लोकातील शब्द पालटून पाहावेत. दुसऱ्या संधीत तर शंभर शिक्षा आहेत. ज्या परंपरेत हा ग्रंथ निर्माण झाला तिने कवित्व केवळ दैवी मानले, असे म्हणणे धाडसाचे होईल.

जगन्नाथाचा युक्तिवाद आणि त्यातील फट

सतराव्या शतकातील पंडितराज जगन्नाथ पाठ्यपुस्तकांत केवळ प्रतिभावादी म्हणून येतो. ‘रसगंगाधरा’त त्याने काव्याचे कारण ‘केवला प्रतिभा’ असे म्हटले आहे, हे खरे. मात्र पुढच्याच ओळींत तो प्रतिभेचे कारण विचारतो, आणि येथेच त्याचे वेगळेपण आहे. प्रतिभा कधी देवता किंवा महापुरुष यांच्या प्रसादाने उत्पन्न झालेल्या अदृष्टातून येते, तर कधी विलक्षण व्युत्पत्ती आणि काव्यरचनेचा अभ्यास यांतून. तिन्ही एकत्र हवीत असे नाही, कारण व्युत्पत्ती व अभ्यास नसलेल्या बालकातही केवळ प्रसादाने प्रतिभा उपजलेली दिसते. त्या बालकाने पूर्वजन्मी अभ्यास केला असेल, असे मानणे त्याला मान्य नाही. ते कल्पनेचे अनावश्यक ओझे होय. उलट अदृष्ट हेच एकमेव कारण असेही म्हणता येत नाही, कारण बराच काळ काव्य करू न शकलेल्या माणसात पुढे व्युत्पत्ती व अभ्यास घडल्यावर प्रतिभा प्रकट झालेली दिसते. मम्मटाच्या एकत्रित हेतूला जगन्नाथाने येथे दोन स्वतंत्र मार्ग दिले. ज्याला प्रतिभेचा कट्टर कैवारी समजले जाते, त्याने अभ्यासातून प्रतिभा जन्मते हे अनुभवाच्या आधारे मान्य केले.

तरीही एक अडचण उरते. भरपूर व्युत्पत्ती व अभ्यास असूनही काहींत प्रतिभा उपजत नाही, त्याचे काय? जगन्नाथ दोन उत्तरे देतो : तेथील व्युत्पत्ती-अभ्यास ‘विलक्षण’ नव्हते, किंवा एखादे पाप आड आले असावे. हे उत्तर तार्किकदृष्ट्या निर्दोष आहे आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. यश आले तर अभ्यास विलक्षण होता, न आले तर नव्हता; अभ्यासाचे वैलक्षण्य फळावरूनच ठरणार असेल तर सिद्धांत कधीच खोटा पडू शकत नाही. न्यायाच्या परिभाषेत मुरलेल्या पंडितराजाला हे उमगले नसेल, असे वाटत नाही. ‘विलक्षण’ म्हणजे काय हे फळाकडे न पाहता सांगणे त्याने टाळले, एवढे खरे.

ही फट केवळ जुन्या शास्त्रात आहे असे मात्र नाही. १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन याने श्रेष्ठ बुद्धिमत्ता आनुवंशिक असल्याचे प्रतिपादिले, तेव्हापासून पाश्चात्त्य मानसशास्त्रात हा वाद चालू आहे. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्कृष्ट गटाचा एकांत-सराव सरासरी ७४१० तासांचा, त्याखालील गटाचा ५३०१ तासांचा, आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा ३४२० तासांचा आढळला. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ च्या पुस्तकाने यातून ‘दहा हजार तासांचा नियम’ लोकप्रिय केला. मूळ संशोधनात असा नियम नाही. विसाव्या वर्षापर्यंतच्या एका गटाची ती जवळपास सरासरी होती, उंबरठा नव्हे. लक्षणीय गोष्ट ही की, एरिक्सन यांचा ‘हेतुपूर्वक सराव’ हाही शिक्षकाने आखून दिलेला आणि चुका दुरुस्त करणारा सराव आहे. मम्मटाच्या काव्यज्ञशिक्षेशी त्याचे साम्य सहज लक्षात यावे. २०१४ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार कौशल्यातील फरकांपैकी सरावाने स्पष्ट होणारा भाग खेळांमध्ये (बुद्धिबळासारख्या) २६ टक्के, संगीतात २१ टक्के, क्रीडाक्षेत्रात १८ टक्के, शिक्षणात ४ टक्के, आणि व्यवसायांत १ टक्क्याहूनही कमी निघाला. यावर एरिक्सन यांचा आक्षेप असा की, त्यात धरलेला बराचसा सराव खऱ्या अर्थाने हेतुपूर्वक नव्हताच. आक्षेपात तथ्य असेलही. पण जगन्नाथाचे ‘विलक्षण’ येथे नव्या वेषात परत आले आहे, हे नाकारता येत नाही. आकडे हाती आल्याने वाद मिटला नाही, त्याची जागा मात्र नेमकी कळली : सराव कशाला म्हणावयाचे?

बहिणाबाई : प्रतिभेचा पुरावा की अभ्यासाचा?

मराठीत केवळ उपजत प्रतिभेचे उदाहरण द्यावयाचे झाले की बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे नाव येते. अक्षरओळख नाही, शास्त्र नाही, गुरू नाही, आणि तरीही अशी गाणी! निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली, तेव्हापासून चमत्काराचा हा सूर कायम आहे. जगन्नाथाच्या परिभाषेत बोलावयाचे तर बहिणाबाई या प्रसादजन्य प्रतिभेच्या धनी ठरतात.

हा निष्कर्ष घाईचा आहे. मम्मटाच्या निपुणतेत शास्त्राच्याही आधी ‘लोक’ येतो. खानदेशातील शेती, घर, चूल, जाते, सण, सोयरीक हे सारे बहिणाबाईंनी जितके निरखले होते तितके ग्रंथ वाचून निरखता येत नाही. आणि अभ्यासाचे काय? पहाटे जात्यावर बसून ओवी गाणारी स्त्री वर्षानुवर्षे रोज लयीचा, यमकाचा, चरणाच्या मापाचा सराव करीत असते. ऐकलेली ओवी पालटून, एखादा शब्द बदलून, नवे नाव घालून ती पुन्हा म्हणते. क्षेमेंद्राने कष्टसाध्य शिष्याला सांगितलेला जुन्या श्लोकातील शब्द पालटण्याचा पाठ याहून निराळा नाही. आई, आजी, सासू, जोडीने दळणारी शेजारीण याच तेथील काव्यज्ञ. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. एवढी मोठी निर्मिती करणाऱ्या परंपरेला शाळा म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे? तिला इमारत आणि हजेरीपट नव्हता, म्हणून तिचा अभ्यास शिकलेल्यांना दिसला नाही. आणि जो अभ्यास दिसला नाही त्याच्या फळाला ‘दैवी देणगी’ असे नाव मिळाले.

यातून बहिणाबाईंचे अलौकिकत्व उणे होत नाही. एकाच जात्यावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीचीच ओवी वेगळी उमटते, हा फरक उरतोच; त्याला प्रतिभा म्हणावे. जयदेवाने ‘चंद्रालोका’त दिलेला दृष्टांत येथे लागू पडतो : माती आणि पाणी यांच्याशी संयोग झालेले बीज वेलीचे कारण होते, तशी श्रुत व अभ्यास यांसह असलेली प्रतिभा कवितेचे. बीज नसेल तर वेल उगवणार नाही हे खरे. पण कोरड्या कणगीत पडलेल्या बियांपैकी जिवंत कोणत्या, हे कणगीकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही.

महाविद्यालयीन वर्गात, विशेषतः ज्यांच्या घरात प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोचले आहे अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत, अध्यापकापुढे असते ती ही कणगीच. विद्यार्थ्याच्या पहिल्या लेखनावरून त्याची शक्ती ठरविणे म्हणजे निपुणता व अभ्यास यांच्या अभावालाच शक्तीचा अभाव समजणे होय. भामहाच्या बाजूने उभे राहावयाचे असले तरी निर्णय उशिरा द्यावा लागेल, कारण जगन्नाथाने पाहिलेला माणूसही बराच काळ काव्य करू न शकणाराच होता. काव्यहेतूंच्या प्रकरणाला जोडून क्षेमेंद्राचे सुरुवातीचे पाठ मराठी वृत्तांवर करवून घेणे, आणि राजशेखराच्या चौथ्या प्रहराप्रमाणे विद्यार्थ्यांना स्वतःचेच लेखन चार दिवसांनी मोजक्या सोबत्यांसह तपासावयास लावणे, यासाठी अभ्यासक्रमात फेरबदल करावा लागत नाही. दोन तासिकांच्या जागी सहा द्याव्या लागतात, इतकेच.